साच्याशिवाय घडणारा चुंबक

(मंडळाच्या गणेशोत्सवातील व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचा मजकूर. बोलताना राहून गेलेल्या एक-दोन गोष्टी लिहिताना घातल्या आहेत.)



या व्याख्यानमालेत आजवर डॉक्टर, प्राध्यापक, संत वाङ्मयाचे अभ्यासक असे मोठे लोक बोलून गेले. त्यांच्या रांगेत मला उभं केलं, ही आपल्या सेक्रेटरींची कृपा. मी रत्नागिरीच्या शासकीय तंत्रनिकेतनातून डिप्लोमा केला. रेल्वे भरतीची परीक्षा दिली आणि नंबर लागला तो थेट कोलकात्याला. त्याला आता वीस वर्षं होऊन गेली. सिग्नल खात्यात तारा, रिले आणि पॉइंट मशिन यांच्याशी माझा रोजचा संबंध. भाषणाचा संबंध फारसा नाही.

विषय कळल्यावर आमच्या वहिनींनी विचारलं, "भाऊजी, प्रसाद भाषणाच्या आधी वाटायचा की नंतर?" मी म्हटलं, "वहिनी, नंतरच वाटा. म्हणजे लोक थांबतील." तेव्हा मंडळी, प्रसाद नंतर आहे.

विषय आहे कायम चुंबक, आणि तो थ्री-डी प्रिंटिंगने घडवण्याची नवी विद्या. एवढा जड विषय मी का निवडला, तर त्यामागे माझी एक फजिती आहे. आधी तीच सांगतो.

आपल्यापैकी अनेकांनी लेव्हल क्रॉसिंगच्या फाटकावर गेटमनच्या खोलीतला जुना टेलिफोन पाहिला असेल. लाकडी किंवा लोखंडी पेटी आणि बाजूला हँडल. हँडल गरगर फिरवलं की तिकडे स्टेशनमास्तरांच्या टेबलावर घंटी वाजते. घंटी वाजवायला बॅटरी लागत नाही, लाईट गेली तरी अडत नाही. पेटीच्या आत घोड्याच्या नालेच्या आकाराचे दोन-तीन चुंबक शेजारी शेजारी उभे असतात. त्यांच्या पायांमध्ये तारेचं एक वेटोळं फिरतं आणि त्यातून वीज निर्माण होते. याला मॅग्नेटो म्हणतात.

आमच्या एका प्रशिक्षण केंद्रात असा एक जुना फोन कपाटात ठेवला होता. तिथले एक ज्येष्ठ तंत्रज्ञ, आम्ही सगळे त्यांना मिस्त्रीदा म्हणतो, चौतीस वर्षांच्या नोकरीनंतर निवृत्त होणार होते. त्यांच्या नोकरीची सुरुवात हे फोन दुरुस्त करण्यापासून झाली होती. निरोपाच्या दिवशी तो फोन चालू व्हावा आणि त्याची घंटी आपल्या हातांनी वाजवावी, एवढीच त्यांची इच्छा होती. पेटी उघडली तर आतल्या तीन चुंबकांपैकी दोन गायब. कुणीतरी कधीतरी पेपरवेट म्हणून नेले असणार.

बाजारात चौकशी केली. तसले चुंबक आता कुणी करत नाही. एका ठिकाणी करून देतो म्हणाले, पण किमान पाचशे नग आणि साच्याचे पैसे वेगळे. मला हवे होते दोन!

त्याच सुमारास आमच्या एका सहकाऱ्याचा मुलगा इंजिनीअरिंगच्या शेवटच्या वर्षाला थ्री-डी प्रिंटरवर प्रोजेक्ट करत होता. मी छाती पुढे काढून म्हटलं, "मिस्त्रीदा, काळजी करू नका. तुमचा चुंबक आपण छापून घेऊ."

आता हे छापणं म्हणजे काय ते सांगतो, आणि त्यासाठी मला बाप्पांचीच मदत घ्यावी लागेल.

आपल्यापैकी काहींच्या घरी पेणहून आणलेली मूर्ती असते. मंडळाची मूर्ती मात्र कुमारटुलीत घडते. पेणला मुख्य काम साच्याचं. साच्यात माती किंवा प्लास्टर भरायचं, सुकलं की काढायचं, मग हात फिरवून रंगवायचं. एका साच्यातून शेकडो मूर्ती निघतात, म्हणून साच्याचा खर्च परवडतो. कुमारटुलीत बांबूचा सांगाडा, त्यावर पेंढा बांधायचा, त्यावर भाताचं तूस मिसळलेली चिकट माती थापायची, ती वाळली की वर मऊ मातीचा थर. थरावर थर देत मूर्ती उभी राहते. म्हणून तिथे एकच मूर्ती सांगितली तरी तुम्हाला हवी तशी करून मिळते. पाचशे नगांची अट नाही.

थ्री-डी प्रिंटिंग ही कुमारटुलीची पद्धत. फक्त कारागिराच्या हाताच्या जागी संगणकावर चालणारं यंत्र. चुंबकासाठी याचे दोन मुख्य प्रकार आहेत.

पहिला प्रकार चकलीच्या सोऱ्यासारखा. नायलॉनसारख्या प्लास्टिकमध्ये चुंबकी मिश्रधातूची पूड मिसळायची, ते मिश्रण तापवून बारीक तोंडातून बाहेर काढायचं आणि रेघेवर रेघ टाकत वस्तू घडवायची. अमेरिकेतल्या ओक रिज राष्ट्रीय प्रयोगशाळेने २०१६ साली अशा पद्धतीने निओडिमियम चुंबक तयार केले. त्यात आकारमानाने ६५ टक्के चुंबकी पूड आणि ३५ टक्के नायलॉन होतं. त्याच वर्षी व्हिएन्नाच्या तंत्र विद्यापीठातल्या लोकांनी साध्या टेबलावरच्या प्रिंटरवर असा चुंबक करून दाखवला.

दुसरा प्रकार रांगोळीसारखा. धातूची पूड पातळ थरात पसरायची आणि लेझरच्या किरणाने हवी तिथेच वितळवायची. मग फळी केसाच्या जाडीइतकीही नाही एवढी खाली घ्यायची, पुन्हा पूड पसरायची, पुन्हा लेझर. यात प्लास्टिक नाही, सगळा धातूच. स्वित्झर्लंडमध्ये एबीबी कंपनीच्या संशोधकांनी २०१७ साली निओडिमियमचा असा चुंबक केल्याचं प्रसिद्ध झालं. अमेरिकेच्या एम्स प्रयोगशाळेने त्याच सुमारास अल्निको या जुन्या मिश्रधातूचे चुंबक लेझरने घडवले.

आमच्या विद्यार्थ्याकडे पहिला प्रकार होता, सोऱ्याचा. त्याच्या सरांच्या प्रयोगशाळेत चुंबकी पूड घातलेली नायलॉनची तार केलेली होती. कपाटातल्या उरलेल्या एका चुंबकाची मापं घेतली, संगणकावर आकृती काढली आणि दोन हुबेहूब नाला छापून तयार. मी हातात घेऊन खिळा लावून बघितला. खिळा चिकटला नाही!

यंत्रातून निघालेला चुंबक चुंबक नसतोच. मूर्ती घडवली, रंगवली, डोळे काढले तरी प्राणप्रतिष्ठा होईपर्यंत ती माती. तसंच इथे. छापलेला तुकडा तारेच्या मोठ्या वेटोळ्यात ठेवून, क्षणभर प्रचंड विद्युतप्रवाह सोडून, जोरदार चुंबकी क्षेत्रातून काढावा लागतो. मगच त्याच्यात कायमचं चुंबकत्व येतं. कॉलेजातल्या यंत्राचं वेटोळं सरळ तुकड्यांसाठी होतं. नाल वाकडी. तिचे दोन पाय एकामागून एक आत घातले, वळणाचा भाग बाहेरच राहिला. मला वाटलं, चालेल.

निरोपाचा दिवस आला. साहेब मंडळी जमली, हारतुरे झाले, मिष्टी आली. मिस्त्रीदा उठले, पेटीसमोर उभे राहिले आणि त्यांनी हँडल फिरवलं. घंटीचा टोला थरथरला, पण वाटीपर्यंत पोचलाच नाही. पुन्हा फिरवलं. पुन्हा तेच. सगळं सभागृह गप्प. मला खाली मान घालून उभं राहावं लागलं. मिस्त्रीदांनीच मला सांभाळून घेतलं. म्हणाले, "स्यार, मनाला लावून घेऊ नका. निदान हलली तरी." लोक हसले आणि कार्यक्रम पुढे गेला. मी मात्र त्या रात्री झोपलो नाही.

चूक कुठे झाली हे शोधताना मी जे वाचलं, तेच आज तुमच्यासमोर ठेवतो आहे.

शाळेत आपण सर्वांनी नालाकृती चुंबक पाहिला आहे. तो ठेवताना सर त्याच्या दोन टोकांवर लोखंडाची पट्टी लावून ठेवायला सांगत. चुंबक वाकवून नालेसारखा का करतात? दोन्ही ध्रुव जवळ यावेत म्हणून, हे खरं. पण तो एवढा लांब का? कारण जुन्या पोलादी चुंबकाचा स्वभाव हळवा. आखूड केला तर त्याची स्वतःचीच दोन टोकं त्याचं चुंबकत्व मारून टाकतात. टोकं एकमेकांपासून लांब ठेवावी लागतात. म्हणून लांब पट्टी घ्यायची आणि ती वाकवून टोकं समोरासमोर आणायची. नालेचा तो आकार ही त्या पोलादाची अडचण होती, आणि मी ती अडचणच मन लावून छापून घेतली!

चुंबकाची ताकद शंभर वर्षांत कशी वाढली ते पाहा. जपानच्या कोतारो होंडा यांनी १९१७ साली कोबाल्ट घातलेलं चुंबकी पोलाद तयार केलं. त्याची साठवण ढोबळ हिशेबाने १ धरू. १९३१ साली जपानचेच तोकुशिची मिशिमा यांनी लोखंड, निकेल आणि अ‍ॅल्युमिनियम यांचं मिश्रण काढलं, त्यातून पुढे अल्निको आला. चांगल्या अल्निकोची साठवण पाच-साडेपाच. घरात चाकती फिरणारं जुनं विजेचं मीटर आठवतं? त्या चाकतीला आवर घालणारा चुंबक बहुधा अल्निकोचाच असे. १९५० च्या दशकात फेराइट आले. साठवण तीन-चार, पण अगदी स्वस्त. लाउडस्पीकरच्या मागचं काळं कडं म्हणजे फेराइट. १९६० च्या दशकात समेरियम-कोबाल्ट आला. त्याची साठवण वीस ते तीस.

मग एक गंमत झाली. कोबाल्ट मुख्यतः आफ्रिकेतल्या झैरे देशातून येई. १९७८ साली तिथल्या खाणींच्या प्रांतात लढाई झाली आणि कोबाल्टचे भाव भडकले. तेव्हा कोबाल्टशिवाय चुंबक करता येईल का, याचा शोध जोरात सुरू झाला. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला जपानमध्ये मासातो सागावा आणि अमेरिकेत जनरल मोटर्सचे जॉन क्रोट, दोघांनी वेगवेगळ्या वाटांनी निओडिमियम, लोखंड आणि बोरॉन यांचा चुंबक शोधला. त्याची साठवण आज चाळीस-पन्नास. टंचाईतून शोध लागला, हे लक्षात ठेवा. शेवटी पुन्हा त्यावर येणार आहे.

आता तुम्ही विचाराल, मग छापलेला निओडिमियमचा चुंबक एवढा लेचापेचा का? ओक रिजच्या छापील चुंबकाची साठवण आपल्या मोजपट्टीवर साडेपाचच्या आसपास भरली. एबीबीचा लेझरवाला पूर्ण धातूचा, तरी तोही जवळपास तेवढाच. पन्नास कुठे आणि साडेपाच कुठे!

याचं एक उत्तर आपल्याच कोलकात्यात आहे. बहूबाजार स्ट्रीटवर २१० क्रमांकाच्या जागेत इंडियन असोसिएशन फॉर द कल्टिव्हेशन ऑफ सायन्स ही संस्था होती. चंद्रशेखर व्यंकट रामन यांचा १९२८ चा शोध तिथलाच. त्यांचे सहकारी के. एस. कृष्णन १९३३ साली प्राध्यापक म्हणून तिथे परतले आणि स्फटिकांच्या चुंबकी गुणांवर त्यांनी अतिशय बारकाईने काम केलं. एकच स्फटिक वेगवेगळ्या दिशांनी चुंबकाला वेगवेगळा प्रतिसाद देतो. काही पदार्थांत एक दिशा सोपी, बाकीच्या कठीण. कृष्णन यांनी अभ्यासलेले स्फटिक वेगळे होते, पण दिशेचा हा भेद कायम चुंबकाचाही प्राण आहे.

सायंकाळी साडेपाचला हावडा स्टेशनच्या मोठ्या दालनात उभे राहा. हजारो माणसं, पण कुणी लोकलकडे, कुणी तिकीट खिडकीकडे, कुणी चहाकडे. तेवढीच माणसं एका दिशेने निघाली तर केवढा लोंढा होईल! चुंबकातल्या स्फटिककणांचंही तसंच. कारखान्यातल्या नेहमीच्या पद्धतीत मिश्रधातूची तीन-चार मायक्रॉनची पूड करतात आणि ती दाबताना बाहेरून चुंबकी क्षेत्र लावतात. सगळे कण एका दिशेला तोंड करतात. मग हजार अंशांहून जास्त तापमानाला भाजून ती वडी घट्ट करतात. छपाईत बहुतेक वेळा कण वाटेल त्या दिशेला तोंड करून बसतात. त्यामुळे चुंबकाचा जोर निम्म्यावर येतो, आणि साठवण जोराच्या वर्गाच्या हिशेबाने घटत असल्यामुळे ती पाव होते. सोऱ्याच्या प्रकारात त्यातही तिसरा हिस्सा नायलॉनचा. लेझरच्या प्रकारात नायलॉन नाही, पण हा मिश्रधातू चिनी मातीसारखा ठिसूळ. क्षणात वितळून क्षणात थिजताना त्याला भेगा पडतात. लेझरला साजेशी गोल कणांची पूड लागते, तिचा मिश्रधातूही वेगळा, त्यामुळे आणखी घट.

माझ्या नालेत या सगळ्यावर आणखी एक भर पडली होती. वळणाचा जो भाग मशिनच्या बाहेर राहिला, त्यात चुंबकत्व आलंच नव्हतं. पोलादाचं वळण चुंबकी रेषांना वाट देतं. नायलॉन आणि पुडीचं वळण चुंबकत्वाशिवाय जवळजवळ हवेसारखंच. म्हणजे मी पूल बांधला होता आणि मधली कमान घालायला विसरलो होतो.

मग या विद्येचा उपयोग काय? उपयोग आहे, आणि तो आकारात आहे. नेहमीच्या पद्धतीत आधी ठोकळा करायचा आणि मग हिऱ्याच्या चाकांनी कापून, घासून आकार द्यायचा. त्यात महागडा माल भुकटी होऊन जातो. छपाईत हवी तिथेच पूड पडते. वक्र तोंडाचे, आतून पोकळ, साच्यातून न निघणारे आकार जमतात. दोन नग, पाच नग करता येतात. यंत्रातल्या सेन्सरसारख्या ठिकाणी ताकदीपेक्षा चुंबकी क्षेत्राचा नेमका आकार महत्त्वाचा असतो, तिथे या पद्धतीला खरी जागा आहे. जास्त ताकद लागणाऱ्या मोठ्या मोटरीसाठी मात्र दाबून भाजलेल्या चुंबकाला ती आज पर्याय नाही.

आता आमच्या रेल्वेवाल्यांसाठी दोन शब्द. चित्तरंजनला बनणाऱ्या डब्ल्यूएजी-९ सारख्या तीन फेजच्या इंजिनांत इंडक्शन मोटर असते, तिच्यात कायम चुंबक नसतो. त्यामुळे उद्या चुंबक मिळाले नाहीत म्हणून ही इंजिनं उभी राहणार नाहीत. जगात मात्र काही ठिकाणी चुंबकवाल्या मोटरी आल्या आहेत. टोकियो मेट्रोच्या १६००० मालिकेच्या गाड्या २०१० पासून अशा मोटरींवर धावतात. मोटर लहान होते, फिरत्या भागात वीज जळत नाही. तोटा असा की चुंबकाचं बटण बंद करता येत नाही. चाक फिरत असेल तोवर मोटर वीज निर्माण करतच राहते, तिचा बंदोबस्त करावा लागतो. घरात सांगायचं तर हल्ली जे कमी विजेचे बीएलडीसी पंखे मिळतात, त्यांत हेच तत्त्व. साधा पंखा ७५ वॅट घेतो, तर हा तीस-पस्तीस.

आणि आता तो टंचाईचा मुद्दा. माझं बालपण रत्नागिरीत गेलं. तिथे गावाच्या एका बाजूला पांढरा समुद्र आणि मांडवीला काळा समुद्र, वाळूच्या रंगावरून पडलेली नावं. आम्ही पोरं मोडक्या रेडिओच्या स्पीकरचा चुंबक सुतळीला बांधून मांडवीच्या वाळूतून ओढत न्यायचो. त्याला काळ्या कणांची दाढी फुटायची. ते लोखंडाचे आणि टायटॅनियमचे खनिज कण. त्या वाळूत चुंबकाला न चिकटणारंही काही मोलाचं असू शकतं, हे तेव्हा कुठे माहीत होतं?

निओडिमियम ज्या खनिजातून मिळतं, ते मोनाझाइट आपल्या किनाऱ्यांच्या वाळूत आहे. सरकारी अंदाजानुसार देशात सुमारे १३१ लाख टन मोनाझाइट आहे आणि त्यात ७२ लाख टनांच्या आसपास दुर्मिळ मृदांची ऑक्साइडं आहेत. ज्या राज्यांत ते आढळतं, त्या यादीत केरळ, तमिळनाडू, आंध्र, ओडिशा यांच्याबरोबर पश्चिम बंगाल आणि महाराष्ट्र ही नावंही आहेत. म्हणजे आपलं माहेरही आणि सासरही! हावड्याहून मद्रास मेलने जाताना ब्रह्मपूरच्या अलीकडे छत्रपूर लागतं. तिथे आयआरईएल या सरकारी कंपनीचं ही वाळू वेचण्याचं मोठं केंद्र आहे. आपल्यातले कितीतरी जण त्या स्टेशनावरून झोपेत पुढे गेले असतील.

वाळू आहे, पण वाळू म्हणजे चुंबक नव्हे. वाळूतून खनिज, खनिजातून ऑक्साइड, ऑक्साइडातून धातू, धातूचा मिश्रधातू, त्याची पूड आणि मग चुंबक, अशी ही शिडी आहे. मधल्या बऱ्याच पायऱ्या आपण वर्षानुवर्षं दुसऱ्यावर सोडल्या. जगातल्या दहा भाजलेल्या चुंबकांपैकी नऊ चीनमध्ये बनतात. ४ एप्रिल २०२५ रोजी चीनने समेरियम, डिस्प्रोसियम, टर्बियम अशा सात मूलद्रव्यांच्या आणि त्यांच्या चुंबकांच्या निर्यातीवर परवान्याची अट घातली. त्याच वर्षी जुलैत पुण्याच्या बजाज ऑटोने जाहीर केलं, की चुंबकांअभावी चेतक स्कूटरचं उत्पादन थांबण्याची वेळ येऊ शकते. चिमूटभर मालासाठी अख्खी गाडी अडते, ती अशी.

हात बांधून कुणी बसलेलं नाही. विशाखापट्टणमला आयआरईएलचा समेरियम-कोबाल्ट चुंबकांचा कारखाना मे २०२३ मध्ये राष्ट्राला अर्पण झाला. त्याची क्षमता वर्षाला ३००० किलो. त्याचं तंत्र भाभा अणुसंशोधन केंद्र आणि हैदराबादची संरक्षण धातुशास्त्र प्रयोगशाळा यांचं. नोव्हेंबर २०२५ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने वर्षाला ६००० टन चुंबक देशात बनवण्यासाठी ७२८० कोटी रुपयांची योजना मंजूर केली. दोन आकडे शेजारी ठेवा, तीन टन आणि सहा हजार टन. चढण केवढी आहे ते कळेल. उष्णता सहन करणाऱ्या चुंबकांना लागणारं डिस्प्रोसियम तर आपल्या वाळूत पुरेसं मिळत नाही, तो प्रश्न वेगळाच.

म्हणून तरुण मुलांना मला एवढंच सांगायचं आहे. थ्री-डी प्रिंटर ही शिडीची शेवटची पायरी. ती आकर्षक दिसते, कॉलेजात सगळ्यांना तिच्यावरच प्रोजेक्ट हवा असतो. पण छापायला पूड लागते, आणि पूड करायची विद्या धातुशास्त्राची, रसायनाची, भट्टीची. तिकडे मुलं कमी जातात. मी स्वतः छापलेल्या वस्तूवर भाळलो आणि तिच्या आतल्या मालाचा विचार केला नाही, म्हणून भर सभेत घंटी वाजली नाही. देशाचंही असं होऊ नये.

आणि जुन्या वस्तू फेकू नका. विसर्जनानंतर गंगेतून मूर्तींचे सांगाडे बाहेर काढतात आणि त्यातले कितीतरी पुन्हा कुमारटुलीत येतात, हे आपण पाहतो. इंग्लंडमध्ये बर्मिंगहॅम विद्यापीठाने संगणकांच्या जुन्या हार्ड डिस्कमधले चुंबक हायड्रोजन वायूने भुकटी करून परत वापरण्याची पद्धत काढली आहे. आपल्या भंगारातही हा माल आहे. आयाबहिणींना मात्र एक विनंती. हे छोटे जोरदार चुंबक लहान मुलांच्या हाती देऊ नका. दोन चुंबक पोटात गेले तर ते आतड्यांच्या दोन बाजूंनी एकमेकांना धरतात आणि शस्त्रक्रियेची वेळ येते.

आता फजितीचा शेवट सांगतो आणि प्रसादाला मोकळं करतो. निरोपसमारंभानंतर महिनाभराने मिस्त्रीदा पेन्शनच्या कागदासाठी ऑफिसात आले. मी त्यांना नालेचा सगळा हिशेब ऐकवला. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "स्यार, मोटारीच्या वायपरची मोटर उघडून पाहिलीत कधी? आत नाल नसते. दोन वाकड्या ठिकऱ्या असतात, आणि बाहेरचा लोखंडी डबाच वाट देतो."

झालं! चौतीस वर्षं हातात हत्यार धरलेल्या माणसाने एका वाक्यात जे सांगितलं, ते मी चार पुस्तकांत शोधत होतो. नवा चुंबक आखूड असला तरी चालतो, त्याला लांब नाल नकोच. आम्ही फिरत्या वेटोळ्याच्या गोलाईला नेमके बसतील असे दोन जाड, कमानदार तुकडे छापून घेतले. सरळ होते, त्यामुळे कॉलेजातल्या वेटोळ्यात पुरते बसले आणि त्यांची प्राणप्रतिष्ठा नीट झाली. भोवती साध्या लोखंडाची जाड चौकट लावली. कोलकात्याच्या दमट हवेत या पुडीला गंज लवकर धरतो, म्हणून वरून लाखेसारखं लेपण दिलं. अशा ठिकऱ्या भंगारातल्या वायपर मोटरमधून काढूनही काम भागलं असतं, हे मी प्रामाणिकपणे कबूल करतो. फक्त त्या आमच्या वेटोळ्याला नेमक्या बसल्या नसत्या.

मग मिस्त्रीदांना फोन केला. ते नातवाला घेऊन आले. समारंभ नव्हता, हार नव्हते, आम्ही चौघे-पाच जण होतो. त्यांनी नातवाचा हात हँडलवर ठेवला, त्यावर आपला हात ठेवला आणि फिरवलं. घंटी अशी खणखणली की शेजारच्या वर्गातली मुलं दारात येऊन उभी राहिली. मिस्त्रीदा काही बोलले नाहीत. त्यांनी चष्मा काढून पुसला आणि पोराला म्हणाले, "आता तू एकटा वाजव."

तो फोन आता कपाटात नाही, वर्गात टेबलावर आहे. येणारी प्रत्येक तुकडी तो वाजवून बघते.

प्रसाद तयार आहे.

गणपती बाप्पा मोरया!